वाचून दाखवू नये

माझी मोठी बहीण मरियमआपा दाभोळहून, सासरहून, कायमची परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती आणि एक हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन. पेटी आमच्याच घरातून लग्नात गेलेली होती, मशीन तिच्या सासूचं. नवरा आफ्रिकेला गेला, तिथे त्याने दुसरं लग्न केलं आणि हिला तलाक पाठवला. सासूला लाज वाटली असावी. तिने मशीन उचलून दिलं आणि म्हणाली, घेऊन जा, माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही. दाभोळची माणसं वाईट नव्हती. वाईट एकच होता आणि तो आफ्रिकेत होता. आपा तेव्हा वीस-बावीसची असेल, मी तेरा-चौदाची. ती आली, हातपाय धुतले, जेवली, आपलं ताट घासून पालथं घातलं आणि मशीन कुठे ठेवायचं ते विचारलं. आईच जास्त रडली.

आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर, खाडीच्या काठाला. भिंती चिऱ्याच्या, वर नळीची कौलं, पुढे पडवी. खाडीच्या चिखलात नारळाची सोडणं पुरून ठेवलेली असत. ती कुजली की वाडीतल्या बायका काढून दगडावर बडवत आणि काथ्या सुटा करत. सकाळपासून तो धपधप आवाज आणि तो कुजका वास. पाहुणे आले की नाकाला पदर लावत. आम्हाला त्या वासाने भूक लागायची, कारण बडवणं थांबलं की जेवण असायचं: तांदळाची भाकरी आणि सुकटीचं सालन, त्यात कैरी असेल तर कैरी, नसेल तर आमसूल. शुक्रवारी आई नारळाचा रस काढून सांदणं करायची. आज माझ्या सुना सांदणं करतात, चांगली करतात, पण साखर फार घालतात.

बाबा मचव्यावर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. कौलं, सरपण, सुकी मासळी घेऊन किनाऱ्याने वरखाली जायचे. एकदा शिडाची काठी गुडघ्यावर पडली आणि समुद्र संपला. मग ते पडवीत बसून सुंभ वळायचे. त्यांना कुराणाची अक्षरं लावता यायची, मराठी वाचता येत नव्हतं. घरात मराठी वाचणारी मी एकटी, चौथी पास. त्यापुढची शाळा आमच्या वाडीत नव्हती, आणि असती तरी मला पाठवली नसती. पण बाबांना छापलेलं ऐकायचा फार नाद. तेलाच्या डब्यावरचं, आगपेटीवरचं, सामान बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरचं, सगळं ते माझ्याकडून वाचून घेत. अर्धवट फाटलेली बातमीसुद्धा. हाताने लिहिलेलं माणूस खोटं लिहील, पण खिळे जुळवून, शाई लावून, एवढा खटाटोप करून खोटं कोण छापील, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मचव्यावर प्रत्येक खलाशाचा वाटा ठरलेला असे. त्याला हक्क म्हणत. एखादा मध्येच तापाने घरी राहिला तरी त्याने केलेल्या खेपेचा हक्क बाबा बाजूला काढत आणि घरी नेऊन देत. त्यांना त्याचं भय होतं. ते म्हणत, नमाज चुकला, रोजा मोडला, तर तो अल्लाचा हक्क. अल्ला रहमदिल आहे, माफ करील. पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क मारलात तर तो त्या बंद्यानेच माफ केला पाहिजे. तो मेला असेल तर कयामतीच्या दिवशी एवढ्या गर्दीत त्याला शोधत फिरा. हे सांगताना ते खरोखर गर्दीकडे बघितल्यासारखं खाडीकडे बघत.

आपाला सरळ शिवण यायचं. उशीचे अभ्रे, परकर, गोधड्या, सगळं नेटकं. अडत होतं ते मुंढ्यापाशी. मुंढा म्हणजे जिथे बाही अंगाला जोडतात तो गोल काप. तो नीट बेतला नाही तर पोलकं एकतर काखेत काचतं नाहीतर खांद्यावर फुगा धरतं. आपाने जुनी पोलकी उसवून बघितली, कागद कापून बघितले. दहातलं एखादं जमायचं आणि का जमलं ते तिला कळायचं नाही. वाडीत शिवणारी कोणी नव्हती. ईदचे कपडे लोक रत्नागिरीतून शिवून आणत. आपाचं म्हणणं सरळ होतं: मला मुंढा आला की वाडीचं शिवण माझ्याकडे, आणि मग मी कोणाच्या घरी नुसत्या भातावर राहणार नाही, बापाच्यासुद्धा नाही.

हे सगळं घाईने करायला कारण होतं. कारणाचं नाव खतिजाचाची. आमच्या शेजारची. आपा येऊन महिना झाला नाही तोच तिने स्थळ आणलं. पलीकडच्या गावचा बागायतदार, बायको मेलेली, पदरात चार पोरं.

"भरलं घर हाय गो," चाची म्हणाली. "माडाची बाग हाय, विहीर हाय."

"पोरं हायत," आपा म्हणाली.

"मग? तुला पोरं नाय ती आयती मिळतील. बाळंतपणाचा तरी त्रास नाय."

"वय काय त्याचं?"

"पुरुषाला वय विचारतात काय? दात सगळे हायत."

आईला स्थळ पसंत होतं. जमातीतली दोन मोठी माणसंही बाबांना म्हणाली, तरुण मुलगी किती दिवस घरात ठेवणार. बाबांनी आपाकडे बघितलं. आपाने मशीनचं चाक एक वळसा फिरवलं. बाबा म्हणाले, "ईदपर्यंत थांबा. तोवर तिला शिवण आलं तर ती म्हणेल तसं. नाय आलं तर चाची म्हणेल तसं." असा तो करार झाला. रमजान यायला अजून अवकाश होता.

बाबा मग लंगडत रत्नागिरीला गेले आणि पुस्तक घेऊन आले. शिवण-बेतणीचं, पिवळ्या कव्हराचं, वर एका बाईचं चित्र. पुस्तक आमच्या घरात पहिल्यांदा विकत आलं ते हेच. संध्याकाळी जेवायच्या आधी आम्ही सगळे पडवीत बसलो. बाबांच्या मांडीवर सुंभ, आपाच्या मांडीवर कागद आणि कात्री, आई तांदूळ निवडत. आपाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायची मी. मला शाळेत शिकवलं होतं की पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं, आणि बाबांना तर एक अक्षर सोडलेलं चालत नसे. मी कव्हर वाचलं. पुस्तकाचं नाव, बाईंचं नाव, रत्नागिरीच्या छापखान्याचं नाव. पान उलटलं. मागच्या बाजूला चौकटीत बारीक अक्षरं होती. मी तीही वाचली, शाळेत धडा वाचायचो तशी, मोठ्याने:

"सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन. या पुस्तकातील मजकूर, आकृत्या व मापे प्रकाशकाच्या लेखी परवानगीवाचून उतरवून घेऊ नयेत, गिरवू नयेत, दुसऱ्यास वाचून दाखवू नयेत, वा त्यांवरून कपडे बेतून विकू नयेत. तसे करणारा कायदेशीर कारवाईस पात्र ठरेल."

बाबांचा हात थांबला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"हक्क म्हणतो तो?"

"सर्व हक्क."

"कोणाच्या हातात?"

"प्रकाशकाच्या."

"प्रकाशक म्हणजे कोण?"

मला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "मिट ते."

आई म्हणाली, "अहो, दुकानातून पैसे देऊन आणलंत ना? चोरून नाय आणलंत."

"पैसे कागदाचे दिले. हक्काचे नाय दिले. मला काय माहीत आत काय लिहिलंय."

"वाचून दाखवायचं नाय, शिवायचं नाय, मग छापलं कशाला? चूल पेटवायला?"

"ते छापणाऱ्याला विचार."

आपा म्हणाली, "मग मी काय करू बाबा? पुस्तकाचा वास घेऊ?"

बाबा हसले नाहीत. "दुसऱ्याच्या हक्कावर शिवलेला कपडा लोक ईदला घालून नमाजला उभे राहणार. तुझी भाकरी त्यातली, माझीपण त्यातली. मला कयामतीला त्या प्रकाशकाला शोधत फिरवू नको." आणि त्यांनी पुस्तक फडक्यात गुंडाळून वाशाला टांगलं, जिथे आई बियाण्याचे भोपळे टांगायची.

आता कोणी म्हणेल, काय ही अडाणी माणसं. म्हणा. पण माझ्या नातीचं सांगते. ती बीए झालेली आहे. मागच्या वर्षी तिने मी सांदणं करते त्याचं मोबाईलवर चित्रण केलं आणि सगळ्यांना बघायला ठेवलं. शेजारच्या घरात लग्न होतं, त्यांच्या लाउडस्पीकरवर कुठलं तरी गाणं वाजत होतं, ते दोन ओळी त्यात आलं. संध्याकाळी तिला नोटीस. मालकी हक्काचा भंग, म्हणून. आवाज बंद करून टाकला, माझं बोलणंसुद्धा त्यात गेलं. नात घाबरून घामाघूम, आजी पोलीस येतील काय गो. मग तिने सगळंच पुसून टाकलं. बीए झालेली मुलगी. बारीक अक्षरांची भीती शिकण्याने जात नाही, उलट वाढते, कारण वाचता येतं.

पुस्तक वाशाला आणि आपा मुंढ्याला, असे दिवस गेले. मी एकदा आपाला म्हटलं, बाबा नमाजला गेले की वाचते. आपा म्हणाली, "नको. मग ते शिवलेलं त्यांना खाता येणार नाय, आणि मला सांगताही येणार नाय." ती हट्टी होती पण लबाड नव्हती. तिने आपलं आपण चालवलं. खतिजाचाचीने मुद्दाम कापड आणून दिलं, नातीचं पोलकं शीव म्हणाली. चांगलं फुलाफुलांचं कापड. आपाने तीनदा मोजून बेतलं. पोरीला घातलं तर पोरीचे दोन्ही हात बाजूला आडवे, खाली येईनात. खाली दाबले की मागून उसवायचं.

चाची कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "चांगलं झालं," ती म्हणाली. "हिला आता मळ्यात उभी करते. पाखरं येणार नाय भात खायला."

बायका हसल्या. मीही हसले, पोरगी तशी दिसतच होती. आपाने पोलकं काढून घेतलं, कापड भरून देईन म्हणाली आणि आत गेली. बाबा पडवीतच होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्या दिवशी त्यांनी वळलेला सुंभ सैल होता, आईने तो परत उलगडला.

दुसऱ्या दिवशी ते मौलवीसाहेबांकडे गेले. मौलवीसाहेब म्हातारे होते आणि त्यांना लांब बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "तांडेल, यात मसला कसला? ज्याचा हक्क त्याला जाऊन विचारा. देतो म्हणाला तर वाचा. नाय म्हणाला तर पुस्तक त्याला परत करा." बाबांना हे पटलं. त्यांनी पुस्तक वाशावरून काढलं, आपाला आणि मला बुरखे घालायला सांगितलं आणि आम्ही तरीतून खाडी ओलांडून, एसटी धरून रत्नागिरीला गेलो. मला न्यायचं कारण, तिथे काही लेखी दिलं तर वाचणार कोण.

छापखाना एका बोळात होता. आत शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि यंत्राचा असा आवाज की मला आमची सोडणं बडवल्यासारखं वाटलं. मालक टेबलामागे बसला होता, गोरा, धोतर-कोट, चष्मा. बाबांनी सलाम केला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "प्रकाशक कोण?"

"मीच."

"मग हक्क तुमचा. मला इजाजत पाहिजे. ही धाकटी मोठीला वाचून दाखवील, आणि मोठी त्यावरून शिवून विकील."

मालक आमच्याकडे बघत राहिला. आज मला कळतं की त्याला आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं. त्याला वाटलं असणार की यात काही तरी डाव आहे, मागे कोणी वकील असेल, दुसरा छापखानेवाला असेल. त्याने चष्मा पुसला.

"विकायला शिवणार?"

"होय."

"मग तसं कसं चालेल? धंदा होतो तो. लेखी अर्ज करावा लागेल. विचार करावा लागेल."

"अर्ज ही लिहील," बाबांनी मला पुढे केलं.

"आत्ता नाही. बघू. नियम म्हणजे नियम."

"म्हणजे नाय?"

"तूर्तास नाही समजा."

बाबांनी मान हलवली. पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. "मग हे परत ठेवा." आणि उठले. तेवढ्यावर आपाचं शिवण संपलं होतं. चाचीचा बागायतदार, चार पोरं, विहीर, सगळं त्या टेबलावर ठरलं होतं. आपा दाराशी उभी होती. ती बुरख्यातून म्हणाली, "ज्या बाईंनी लिहिलंय त्या जिवंत हायत काय?"

मालक म्हणाला, "जिवंत? इथे वरच्या आळीला क्लास घेतात. जा, त्यांचं डोकं खा."

बाईंना दाखवायला म्हणून आम्ही पुस्तक उचललं आणि वरच्या आळीला गेलो. बाई पन्नाशीच्या होत्या, ठेंगण्या, तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. खोलीत पाच-सहा मुली जमिनीवर बसून कापत होत्या. बाबांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, गुडघ्यासकट. बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पान उलटलं, चौकट वाचली. मग तोंडातल्या टाचण्या काढून गादीला टोचल्या.

"हे मी लिहिलेलं नाही."

"पुस्तक तुमचं नाय?"

"पुस्तक माझं. ही चौकट नाही माझी. मी आज बघते आहे. आपलं पुस्तक पहिल्या पानापासून कोण वाचतं?" मग त्या मोठ्याने हसल्या. "त्याच्याकडे ही चौकट जुळवून ठेवलेलीच असणार. प्रत्येक पुस्तकात टाकतो. माझ्या जावेचं लोणच्यांचं पुस्तक त्यानेच छापलं, त्यातही आहे. लोणचं घालून दुसऱ्यास देऊ नये म्हणून."

मुली हसल्या. आपासुद्धा बुरख्यात हसली. बाबा हसले नाहीत. "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण लिहिलंय की हक्क त्याच्या स्वाधीन. तुम्ही दिला तरी तो तुमच्या हातात नाय. ज्याच्या हातात आहे तो नाय म्हणाला."

बाई आता जरा चिडल्या. "तांडेल, हे बघा. माझं पुस्तक कोणी जसंच्या तसं छापून आपल्या नावाने विकलं, तर मी त्याच्या दारात जाऊन भांडेन. तो माझा हक्क, आणि त्या छापखानेवाल्याचा. तेवढाच. पुस्तक घेतलं त्याने ते वाचायचं, त्यावरून शिकायचं, बहिणीला वाचून दाखवायचं, शिकून पोट भरायचं, हा हक्क त्या छापखानेवाल्याच्या बापाचा नाही आणि माझ्या बापाचाही नाही. तो तुमचा आहे. मी मुंढा माझ्या बाईंकडे शिकले. त्यांनी मला विचारलं नाही की विकणार आहेस का."

"मग हे छापलंय ते?"

"छापलंय म्हणून खरं झालं? तुमचा हक्क त्याने आपल्या नावावर छापून घेतलाय. झालं एवढंच."

छापलेलं खोटं असू शकतं, हे त्यांना त्या उंबऱ्यावर पहिल्यांदा सांगितलं गेलं. मला वाटलं आता ते म्हणतील चला घरी. त्यांनी विचारलं, "म्हणजे हक्क मी मारत नव्हतो. हक्क तो मारत होता. माझा."

"तुमचा, आणि ज्याने ज्याने घेतलं त्याचा."

"असं," बाबा म्हणाले. त्यांनी बाईंना सलाम केला आणि लंगडत निघाले. घराकडे नाही, परत छापखान्याकडे. आपा मागून म्हणत होती, बाबा राहू दे, एसटी जाईल. ते थांबले नाहीत.

मालक तिथेच होता. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. बाबा टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत.

"साहेब, मी इजाजत मागायला नाय आलो. तुम्ही आमचा हक्क मारलाय ते सांगायला आलो."

"काय म्हणता?"

"पुस्तक विकलंत, आणि वाचण्याचा हक्क आत ठेवून घेतलात. माझी पोर किती दिवस बसून आहे. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. बंद्याचा हक्क देवाला माफ करता येत नाय. ज्याचा मारला त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. ही पुस्तकं किती लोकांनी नेली असतील. त्या प्रत्येकाकडे तुम्हाला जावं लागेल."

आतलं यंत्र कोणी तरी थांबवलं होतं, दोन माणसं हातात खिळे घेऊन दारात येऊन ऐकत होती.

"मी माझ्यापुरता माफ करतो," बाबा म्हणाले. "बाकीच्यांचं तुम्ही बघा."

आणि त्यांनी मला चल म्हटलं. मालक मागून काही तरी बोलला, नियम असा शब्द ऐकू आला. दारातला एक कामगार बाबांना वाट देताना आदबीने बाजूला झाला.

त्याने ती चौकट पुढे काढली की नाही, मला माहीत नाही. मी त्याचं दुसरं पुस्तक बघितलं नाही. माझा एक नातू वकिलीचं शिकतो, त्याला मी विचारलं तर तो म्हणाला, आजी, कायदाच तशी मोकळीक देतो, स्वतःच्या अभ्यासापुरतं घेणं, उतरवणं, वाचून दाखवणं, यात गुन्हा काही नाही. सगळं उचलून धंदा करणं वेगळं. मी म्हटलं, मग हे असं छापतात त्यांना कोणी पकडत नाही काय? तो म्हणाला, त्याचा कायदा काही ध्यानात येत नाही. लोकांचा हक्क मारला तर कोण पकडणार, ते अजून कोणी नीट लिहिलेलं दिसत नाही. हे माझं पुस्तक छापणाऱ्यालाही मी सांगून ठेवलं आहे: माझं नाव काढू नका, मी लिहिलं ते बदलू नका. बाकी ज्याला वाचून दाखवायचं त्याने दाखवावं. ज्याला आवडणार नाही त्यालासुद्धा दाखवावं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी कंदील स्वतः पुसला आणि म्हणाले, "रुकय्या, वाच. ती चौकट सोडून." त्यांनी छापलेलं सोडायला सांगितलं ते तेवढ्या एकाच वेळी. मी वाचायला लागले. मुंढ्याचं प्रकरण अर्ध्या पानाचं होतं. छातीच्या मापाचा चौथा हिस्सा घ्यायचा, तेवढी खोली ठेवायची, मग पुढचा काप मागच्यापेक्षा थोडा आत घ्यायचा. आपा दोन्ही काप सारखे घेत होती. एवढंच चुकत होतं. तिने मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, मग कागद दुमडला, कात्री फिरवली, आणि आईच्या खांद्याला लावून बघितला. "हात वर कर," ती म्हणाली. आईने केला. "खाली." आईने केला. आपा म्हणाली, "मेल्यानं एवढ्यासाठी अडवलं होतं." मेला म्हणजे छापखानेवाला की आफ्रिकेतला, मी विचारलं नाही.

रमजान लागला तेव्हा तिच्याकडे आठ-दहा घरांचं कापड आलं होतं. पहिलं पोलकं चाचीच्या नातीचं, फुकट, कबूल केल्याप्रमाणे. रोजा धरून ती दिवसभर चाक फिरवायची आणि मी काजं करायचे, बटणं लावायचे. बाहेर सोडणं बडवायचा आवाज आणि आत मशीनचा. ईदला आठवडा राहिला असताना चाची आली. नातीचं पोलकं बघून ती काही बोलली नव्हती, म्हणजे तिला आवडलं होतं. पण ती ठरल्याप्रमाणे उत्तर घ्यायला आली. कराराची पक्की होती.

"काय गो मरियम, काय सांगू त्यांना? माणूस वाट बघतोय."

आपाने मान वर केली नाही. "पोरं चार ना चाची?"

"चार. दोन पोरगे, दोन पोरी."

"त्यांची मापं पाठवायला सांग. आई नाय त्यांना, ईदला नवीन कोण घालणार? मी शिवते. शिलाई नको."

चाचीने बाबांकडे बघितलं. बाबा सुंभ वळत होते आणि वळतच राहिले. चाची म्हणाली, "हे उत्तर झालं?"

"हेच," आपा म्हणाली.

दोन दिवसांनी बागायतदाराचा गडी आला, कापड आणि मापं घेऊन. मापं सुताला गाठी मारून पाठवली होती, प्रत्येक पोराचा एक दोरा. आपाने ते मोजायला घेतले तर दोरे पाच निघाले. पाचवा लांब होता, आणि त्याच्याबरोबर पांढरं मलमल, मोठ्या माणसाच्या सदऱ्यापुरतं.

आपाने तो दोरा बोटाला गुंडाळला, मलमलीच्या घडीवर ठेवला आणि दोन्ही गड्याला परत दिलं. "पोरांचे चार आदल्या दिवशी न्यायला या," ती म्हणाली. "मोठ्या माणसाचं मी शिवत नाय. माझ्या पुस्तकात नाय ते."

पुस्तकात होतं. शेवटून तिसऱ्या पानावर, पुरुषाचा सदरा, आकृतीसकट. पुस्तक माझ्या मांडीवरच होतं. मी काही वाचून दाखवलं नाही.